सांध्यातला बिघाड

लाइन बंद पडली की पहिली पाच मिनिटं भांडणात जातात. फिटर म्हणतो, मोटर हाताने मोकळी फिरतेय, करंटचं काहीतरी आहे. इलेक्ट्रिशियन मल्टिमीटर लावून म्हणतो, चोवीस व्होल्ट नीट येताहेत, प्रोग्रॅम बघा. प्रोग्रॅमवाला लॅपटॉप जोडतो, पडद्यावर बोट ठेवतो आणि म्हणतो, माझं आउटपुट चालू आहे, बिघाड बाहेर कुठेतरी असणार. तिघंही आपापल्या जागी खरं बोलत असतात. कन्व्हेयर मात्र उभाच असतो, आणि सुपरवायझरची नजर घड्याळावर.

हे तिघं एकाच डोक्यात बसवले आणि त्यांना तिथेच आपसात भांडू दिलं, की मेकॅट्रॉनिक्स टेक्निशियन तयार होतो. अमेरिकेच्या मिडवेस्टमधल्या एका कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे स्थानिक लोकांसाठीच्या, मुख्यतः दोन वर्षांच्या पदवीच्या कॉलेजात, संध्याकाळच्या वर्गांना मी हा विषय शिकवते. दिवसा माझी नोकरी पॅकेजिंगच्या यंत्रांवर, कंट्रोल्स इंजिनिअरची. दिवसा बंद पडलेली यंत्रं बघायची आणि संध्याकाळी चांगली चालणारी यंत्रं मुद्दाम बिघडवून ठेवायची, असा हा जोडधंदा आहे.

हे शास्त्र तसं तरुणच. जपानच्या यास्कावा इलेक्ट्रिक कंपनीतल्या तेत्सुरो मोरी या इंजिनिअरने १९६९ मध्ये त्याला नाव दिलं. त्याच्या आदल्याच वर्षी अमेरिकेत डिक मॉर्लीने पीएलसीची, म्हणजे प्रोग्रॅमप्रमाणे यंत्राला हुकूम देणाऱ्या कारखानी संगणकाची, कल्पना कागदावर मांडली होती. तेव्हा जनरल मोटर्सला रिलेंनी, म्हणजे विजेने उघडझाप होणाऱ्या स्विचांनी, भरलेली कपाटं डोईजड झाली होती. गाडीचं मॉडेल बदललं की आतलं वायरिंग उपटून नव्याने करावं लागे. त्या रिलेंची जागा पीएलसीने घेतली, पण प्रोग्रॅम लिहायची पद्धत मुद्दाम जुन्या रिलेच्या आकृतीसारखी, शिडीच्या आकाराची ठेवली गेली. कारण कारखान्यातल्या इलेक्ट्रिशियनांना तीच वाचता येत होती. मला हा निर्णय फार आवडतो. यंत्र बदलणाऱ्यांनी ते सांभाळणाऱ्या माणसाचा विचार आधी केला, असं तंत्रज्ञानात नेहमी घडत नाही.

आता या माणसाला शिकवायचं कुठे? चार वर्षांच्या इंजिनिअरिंगमध्ये त्याचा हात पान्याला फारसा लागत नाही. कारखान्यात उमेदवारी करावी, तर तिथे शिकवायला कुणाला सवड नसते. मधली जागा कम्युनिटी कॉलेजची. इलिनॉयमधलं जोलिएट ज्युनिअर कॉलेज १९०१ साली सहा विद्यार्थ्यांवर सुरू झालं, ते यांतलं सगळ्यांत जुनं सार्वजनिक कॉलेज. आज देशभरात अशी हजाराच्या आसपास कॉलेजं आहेत. प्रवेशाला गुणांची अट नाही. त्याच भागात राहणाऱ्याला वर्षाची फी सरासरी ४,००० डॉलरच्या आसपास पडते. ही रक्कम थोडी नाही, पण विद्यापीठाच्या मानाने आवाक्यातली आहे. माझ्या वर्गात गोदामात फोर्कलिफ्ट चालवणारा असतो, सैन्यातून परतलेला असतो, विद्यापीठ अर्ध्यात सोडलेला असतो. पॅकिंग लाइनवर बारा-पंधरा वर्षं उभं राहून ‘आता यंत्राच्या दुसऱ्या बाजूला जायचंय’ म्हणणारी बाई असते. या शेवटच्या गटाबद्दल माझा थोडा पक्षपात आहे, हे सांगून टाकते. यंत्र बंद पडण्याआधी त्याचा आवाज कसा बदलतो ते त्यांना आधीच माहीत असतं. मला फक्त त्या आवाजाचं कारण शिकवायचं असतं.

दोन वर्षांची असोसिएट पदवी म्हणजे साधारण साठ क्रेडिट. पूर्णवेळ शिकणाऱ्याला दोन वर्षं पुरतात. पण माझ्या वर्गात पूर्णवेळ कोण आहे? आठवड्याला दोन संध्याकाळी येणाऱ्याला याच पदवीला पाच-सहा वर्षं लागतात, आणि तेवढ्या काळात मूल होतं, आई आजारी पडते, कारखाना दुसऱ्या राज्यात हलतो. साठातली पंचेचाळीस क्रेडिट खिशात असलेल्या माणसाकडे दाखवायला काहीच नसतं. यावर निघालेला तोडगा म्हणजे पदवीचे तुकडे करून प्रत्येक तुकड्याला स्वतंत्र प्रमाणपत्र द्यायचं, आणि मागचं प्रमाणपत्र पुढच्यात मोजून घ्यायचं. आमच्याकडे पहिलं प्रमाणपत्र सोळा क्रेडिटचं आहे. त्यात सुरक्षितता, विजेची मूलतत्त्वं, मोजमाप आणि न्यूमॅटिक्स (दाबलेल्या हवेवर चालणारी यंत्रणा) येतं. दुसऱ्यात मोटर कंट्रोल, ड्राइव्ह (मोटरचा वेग सांभाळणारं उपकरण) आणि पीएलसी. त्यावर रोबॉट, औद्योगिक नेटवर्क आणि इंग्रजी-गणितासारखे सामान्य विषय घातले की पदवी होते. जिन्याला मध्ये मध्ये रुंद पायरी ठेवावी, दमलेल्याने तिथे बसावं, वाटलं तर तिथूनच घरी जावं, तशी ही रचना आहे.

माणसाच्या आयुष्याच्या दृष्टीने ही रचना चांगली आहे याबद्दल माझ्या मनात शंका नाही. माझी अडचण यंत्राच्या बाजूने आहे. विद्या तुकड्यांत विभागता येते, बिघाड मात्र ते तुकडे पाहून होत नाही. उलट तो हटकून दोन तुकड्यांच्या सांध्यात होतो.

प्रयोगशाळेत एक छोटं प्रशिक्षण-यंत्र आहे. कन्व्हेयरवरून धातूचे आणि प्लॅस्टिकचे ठोकळे येतात. इंडक्टिव्ह सेन्सर धातू ओळखतो, आणि धातूचा ठोकळा समोर आला की हवेवर चालणारा सिलिंडर त्याला ढकलून बाजूच्या घसरणीवर टाकतो. दांडा पूर्ण बाहेर आला हे सांगायला सिलिंडरच्या अंगावर एक रीड स्विच चिमट्याने बसवलेला असतो. आतल्या पिस्टनवर चुंबक असतं, ते स्विचखाली आलं की स्विच जोडला जातो, त्याचा बारीक दिवा लागतो आणि पीएलसीला इनपुट मिळतं. मग पीएलसी व्हॉल्व्ह बंद करते आणि दांडा मागे येतो. मी तो चिमटा सैल करून स्विच काही मिलिमीटर सरकवून ठेवते. एवढंच.

आता दांडा बाहेर जातो आणि तिथेच राहतो. दुसऱ्या प्रमाणपत्राचा एक हुशार मुलगा लॅपटॉप जोडतो आणि मिनिटभरात सांगतो, प्रोग्रॅम ‘दांडा बाहेर आला’ या इनपुटची वाट बघतोय आणि ते येत नाहीये. इथपर्यंत निदान अचूक. मग तो काय करतो, तर प्रोग्रॅममध्ये टायमर घालतो, दोन सेकंदांनी इनपुट येवो न येवो, दांडा मागे घ्यायचा. यंत्र चालू! तो खूश. त्याचा जोडीदार टाळी देतो.

मी काही न बोलता घसरणीच्या तोंडाशी एक ठोकळा आडवा ठेवते. पुढचा ठोकळा ढकलताना दांडा अर्ध्यात अडतो, दोन सेकंद होतात, दांडा मागे येतो. यंत्राच्या हिशेबी काम झालेलं असतं. तिसरा ठोकळा येऊन त्या दोघांवर चढतो. प्रशिक्षण-यंत्रावर हे हसण्यावारी जातं. खऱ्या लाइनवर तिथे काचेच्या बाटल्या असतात, आणि रात्रपाळीला कुणीतरी असाच टायमर घालून गेलेला असतो. तो टायमर ना नकाशात सापडतो, ना कुठल्या वहीत. दिवसाच्या नोकरीत दुसऱ्यांनी घातलेले असे टायमर उपसण्यात माझा बराच वेळ जातो, म्हणून या विषयावर मी जरा तापट आहे.

एकदा याच यंत्रापाशी पहिल्या प्रमाणपत्राची एक विद्यार्थिनी सहज उभी होती. पीएलसी तिने अजून शिकलेली नव्हती. तिने विचारलं, “दांडा बाहेर आलाय, मग त्याच्यावरचा दिवा का लागत नाहीये?” आणि स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने स्विच थोडा पुढे सारला. दिवा लागला.

कमी शिकलेलीला जास्त दिसतं, असं मला यातून सुचवायचं नाही. दुसऱ्या एखाद्या बिघाडात तीच अडकली असती आणि त्या मुलाने वाट काढली असती. मला खटकलं ते वेगळंच. तो स्विच आमच्या अभ्यासक्रमात कुठे येतो, हे मी शोधून पाहिलं. न्यूमॅटिक्सच्या कोर्समध्ये सिलिंडर आणि व्हॉल्व्ह आहेत. विजेच्या कोर्समध्ये सेन्सरचं वायरिंग आहे. पीएलसीच्या कोर्समध्ये इनपुटचा पत्ता आहे. सिलिंडरच्या अंगावरचा तो चिमटा कुणाच्याच वाट्याला आलेला नाही. प्रत्येक प्रमाणपत्र आपल्या जागी नीट आहे, आणि लाइन बंद आहे.

गंमत म्हणजे सुरक्षिततेच्या नियमाने ही चूक केलेली नाही. यंत्रात हात घालण्याआधी त्याची ऊर्जा तोडून स्वतःचं कुलूप लावायचं, हा ‘लॉकआउट-टॅगआउट’चा संघीय नियम १९८९ मध्ये आला. तो ऊर्जा म्हणजे फक्त वीज समजत नाही. नळीत दाबून राहिलेली हवा, ताणलेली स्प्रिंग, वर उचलून ठेवलेलं वजन, तापलेला भाग, सगळं त्यात धरलेलं आहे. मेन स्विच खाली केला की इलेक्ट्रिशियनच्या मते यंत्र मेलं. हवा सोडून दिली नसेल तर दांडा त्यानंतरही बोट चिरडू शकतो. म्हणून कुलूप लावल्यावर यंत्र खरंच निर्जीव झालंय का, हे तपासणं हाही नियमाचाच भाग आहे. पहिल्याच आठवड्यात आम्ही हे शिकवतो. म्हणजे अख्खं यंत्र एकत्र बघायची सवय पहिल्या आठवड्यात लावायची आणि दुसऱ्या आठवड्यापासून त्याचे तुकडे करायचे, असं चाललेलं असतं.

यावर ‘सरळ पदवीच करायला लावा’ असं म्हणणारे प्राध्यापक आहेत. त्यांनी एकदा कारखान्याच्या पाळ्यांचं वेळापत्रक बघावं. इथल्या अनेक कारखान्यांत बारा तासांच्या पाळ्या असतात. दोन दिवस काम, दोन दिवस सुट्टी, तीन दिवस काम, आणि पुढच्या आठवड्यात सगळं उलट. कॉलेजचा वर्ग मात्र दर सोमवारी आणि बुधवारी संध्याकाळी सहाला. अशा माणसाला निम्मे वर्ग चुकवावेच लागतात, आणि हजेरीच्या नियमात तो नापास होतो. आम्ही शेवटी तासांचं बंधन काढलं. तात्त्विक भाग घरी करायचा आणि प्रयोगशाळा उघडी असेल तेव्हा कधीही येऊन प्रयोग करायचे. शिकवणाऱ्याची यात दमछाक होते. एक जण रिले जोडतोय, शेजारचा ड्राइव्हचे पॅरामीटर भरतोय, तिसऱ्याला आज लॉकआउटचं कुलूप पहिल्यांदा हातात मिळालंय. पण एक फायदा अनपेक्षित झाला. निरनिराळ्या टप्प्यांवरचे लोक एकाच वेळी एका खोलीत असू लागले. ती स्क्रू ड्रायव्हरवाली विद्यार्थिनी त्या यंत्रापाशी उभी होती ती याचमुळे.

पहिलं प्रमाणपत्र घेऊन पुष्कळ जण जातात आणि पुन्हा येत नाहीत. कॉलेजच्या हिशेबात ती गळती असते. मला सरसकट तसं वाटत नाही. ऑपरेटरचा मेंटेनन्स हेल्पर झाला, तासाचा दर वाढला, घराचा हप्ता वेळेवर जाऊ लागला, तर त्याच्यापुरतं ते शिक्षण पुरं झालेलं असू शकतं. फक्त तो परत आला, तर दार उघडं असलं पाहिजे. दारं बंद होण्याच्या तऱ्हा अनेक आहेत. काही कॉलेजं तांत्रिक विषयांची क्रेडिट ठरावीक वर्षांनंतर जुनी म्हणून धरत नाहीत. कधी कोर्सचा क्रमांक बदलतो आणि जुन्या क्रमांकाचं काय करायचं ते कुणी लिहून ठेवलेलं नसतं. सगळ्यांत विचित्र भिंत क्रेडिट आणि बिनक्रेडिट यांच्यात असते. कारखान्याने पैसे भरून आपली माणसं पाठवली की तो वर्ग कॉलेजचा दुसरा विभाग चालवतो, आणि त्यात क्रेडिट नसतात. रोबॉट तोच, खोली तीच, बऱ्याचदा शिकवणारीही मीच. पण मंगळवारी दुपारी शिकलेला रोबॉट पदवीत मोजला जात नाही आणि मंगळवारी संध्याकाळी शिकलेला मोजला जातो. परीक्षा घेऊन आधीचं ज्ञान क्रेडिटमध्ये बदलून घेण्याची सोय आहे, पण त्या अर्जावर सह्या गोळा करायला मंगळवारची एक दुपार पुरत नाही.

दुसरी भिंत गणिताची. प्रमाणपत्रासाठी ‘तांत्रिक गणित’ चालतं: गुणोत्तर, त्रिकोणमिती, ओहमचा नियम. आमची पदवी उपयोजित शास्त्राची, त्यामुळे तिथेही ते चालतं. पण त्यापुढे विद्यापीठात जाऊन इंजिनिअर व्हायचं म्हटलं, तर कॅल्क्युलस लागतं आणि इतकी वर्षं जमवलेल्या क्रेडिटपैकी बरीचशी तिथे गळून पडतात. इंजिनिअरिंग टेक्नॉलॉजीची पदवी देणारे विभाग त्या मानाने उदार असतात. फ्लोरिडा, वॉशिंग्टनसारख्या राज्यांत कम्युनिटी कॉलेजांनाच उपयोजित विषयांत चार वर्षांची पदवी देता येते. पण विद्यार्थ्याला हे पहिल्या दिवशी कुणी सांगत नाही, आणि माहितीपत्रकावर बाण मात्र वरवर जाताना दाखवलेले असतात.

बाहेरच्या संस्थांची प्रमाणपत्रं वेगळीच. ओशाचं, म्हणजे कामाच्या जागची सुरक्षितता बघणाऱ्या सरकारी खात्याचं, दहा तासांचं कार्ड, उत्पादन-तंत्रज्ञाचं प्रमाणपत्र, फॅनकच्या रोबॉटचं, सीमेन्सचं तीन पातळ्यांचं. यांतलं सीमेन्सचं मला विशेष पटतं, कारण सुट्या भागांऐवजी पूर्ण यंत्रणेकडे बघायचा आग्रह त्यात पहिल्या पातळीपासून आहे. बाकी कार्डांच्या थप्पीला फारसं महत्त्व देऊ नये असं माझं मत आहे. नोकरी देणारा मेंटेनन्स मॅनेजर ती वरवर चाळतो आणि विचारतो, “पॅनलची ड्रॉइंग वाचता येते का?” आणि बऱ्याचदा समोर एक टाकतोही.

तुकडे न करता शिकवायचा एक प्रयोग केंटकीत झाला. टोयोटाने २०१० मध्ये जॉर्जटाउनच्या कारखान्याजवळ ब्लूग्रास कम्युनिटी अँड टेक्निकल कॉलेजबरोबर तो सुरू केला. आठवड्यात दोन दिवस वर्ग, तीन दिवस कारखान्यात पगारी काम, आणि शेवटी पदवी. फेम या नावाने तो पुढे अनेक राज्यांत पसरला. तिथे यंत्र बिघडवून ठेवावं लागत नाही, ते आपलं आपण बिघडतं. मला हेवा वाटतो. पण त्यासाठी जवळ मोठा कारखाना हवा, त्याने विद्यार्थ्याला पगार द्यायला हवा आणि विद्यार्थ्याला आठवड्याचे पाचही दिवस मोकळे हवेत. माझ्या फोर्कलिफ्टवाल्याला तीन दिवसांच्या पगारात घर चालवता येणार नाही.

म्हणून तुकडे राहणार, आणि आता ते आणखी लहान होणार. सरकारची पेल ग्रँट, म्हणजे गरजू विद्यार्थ्याला फीसाठी मिळणारी मदत, पूर्वी निदान पंधरा आठवड्यांच्या अभ्यासक्रमालाच मिळायची. २०२५ च्या जुलैत झालेल्या कायद्याने ती आठ आठवड्यांपासूनच्या अभ्यासक्रमांना खुली केली, १ जुलै २०२६ पासून. मिळणारं प्रमाणपत्र पुढच्या शिक्षणात मोजलं गेलं पाहिजे, अशी अट कायद्यातच आहे, याचा मला आनंद आहे. त्याचबरोबर शंभरातल्या सत्तरांनी अभ्यासक्रम पुरा केला पाहिजे आणि सत्तर टक्क्यांना नोकरी लागली पाहिजे, हीही अट आहे. हेतू रास्तच आहे. पण सत्तरचा आकडा गाठायला सगळ्यांत सोपी वाट कोणती, तर परीक्षा सोपी करणं. आणि परीक्षेत पहिला गळतो तो वेळखाऊ भाग, म्हणजे बिघाड शोधणं. बहुपर्यायी प्रश्न संगणक तपासतो. बिघाड शोधणाऱ्यापाशी कुणालातरी उभं राहावं लागतं.

आमच्या विभागाच्या बैठकीत मी हाच विषय काढला. पहिल्या प्रमाणपत्राची अंतिम परीक्षा जोडलेल्या यंत्रावरच्या बिघाडाची असावी, असं माझं म्हणणं होतं. एका सहकाऱ्याचा आक्षेप योग्य होता: त्यांनी पीएलसी शिकलेलीच नसते, मग कसं? मी म्हटलं, प्रोग्रॅम लिहायचा नाही, पीएलसीच्या अंगावरचे इनपुट-आउटपुटचे दिवे फक्त वाचायचे. दिवा लागलाय की नाही, लागला असेल तर पुढे काय घडायला हवं होतं, एवढं त्यांना कळतं. बरीच घासाघीस झाली. माणशी एक तास मागितला होता, चाळीस मिनिटांवर तडजोड झाली. बिघाड एका वेळी एकच, आणि उत्तरात दुरुस्तीइतकेच गुण त्यामागच्या कारणाला. टायमर घालून यंत्र चालू करणाऱ्याला शून्य, ही ओळ मी आग्रहाने घालून घेतली, जरी पहिल्या प्रमाणपत्राच्या कुणाला तो घालता येणार नसला तरी.

आता बिघाडांची यादी करणं चालू आहे. रीड स्विच बाद, तो सगळ्यांना पाठ झालाय. हवेचा वेग आवळणारा स्क्रू जवळजवळ बंद करून ठेवणं यादीत आहे, आणि वरून घट्ट दिसणारी पण आत तुटलेली वायरही. माझी सगळ्यांत आवडती जागा सेन्सरची आहे: पीएनपी सेन्सर (धातू दिसला की तारेवर व्होल्ट देणारा) काढून तिथे हुबेहूब तसाच दिसणारा एनपीएन (तीच तार शून्याकडे ओढणारा) बसवायचा. मापात तो अचूक बसतो, धातू समोर आला की त्याचा दिवाही लागतो, फक्त पीएलसीवर इनपुट येत नाही. स्टोअरमधून एका अक्षराच्या फरकाचा भाग आला की कारखान्यात नेमकं हेच होतं. सहकाऱ्याच्या मते पहिल्या प्रमाणपत्राला हे अवघड आहे. आम्ही तो आधी एकमेकांवर लावून बघायचं ठरवलंय.